माल्थसचा हिशेब

चि. ईशास अनेक आशीर्वाद.

लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढून लोक उपाशी राहतील, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसचे भाकीत खोटे ठरले असताना तो अजून अभ्यासक्रमात कशाला, असे तू विचारले आहेस. भाकीत फसले हे खरे, पण ते नेमके कोठे फसले हे पाहिल्याशिवाय त्याला निकालात काढू नकोस.

1798 साली निनावी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लोकसंख्येवरील निबंधाचा उगम बापलेकांच्या वादात आहे. वडील डॅनियल माल्थस हे इंग्रज विचारवंत विल्यम गॉडविनच्या विचारांनी भारावलेले. समाज उत्तरोत्तर सुधारत जाणार ही त्यांची श्रद्धा चिरंजिवांना पटेना. (प्रस्तावनेत वडिलांचा उल्लेख नुसता ‘मित्र’ असा आहे; मला ही अदब आवडते.)

त्याचा हिशेब कागद घेऊन एकदा स्वतः मांड. ब्रिटन बेटाची लोकसंख्या 70 लाख धरायची, ती दर 25 वर्षांनी दुप्पट करायची (ही भूमिती श्रेणी) आणि धान्यात मात्र दर 25 वर्षांनी आणखी 70 लाखांपुरतीच भर घालायची (ही अंकगणिती श्रेणी). पहिली 25 वर्षे निभावतात. शतकाअखेर माणसे 11 कोटी 20 लाख होतात, धान्य 3 कोटी 50 लाखांपुरते राहते आणि 7 कोटी 70 लाख लोक उपाशी उरतात. यातील दुपटीला अमेरिकेतील वसाहतींच्या वाढीचा आधार होता. धान्याच्या श्रेणीला मात्र तसा मोजलेला पुरावा नव्हता. चांगली जमीन संपली की लागवड हलक्या जमिनीवर जाते आणि तेवढ्याच श्रमांत कमी पिकते, हा घटत्या उत्पादनफलाचा विचार खरा भक्कम. 1815 साली वेस्ट, रिकार्डो हे अर्थशास्त्रज्ञ आणि स्वतः माल्थस यांनी जमिनीच्या खंडाची (भाड्याची) उपपत्ती त्याच पायावर उभारली.

प्रत्यक्षात 1846 साली परदेशी धान्यावर जकात बसवणारे धान्य कायदे रद्द झाल्यावर इंग्लंडचे पोट अधिकाधिक परदेशी धान्यावर भरू लागले. अन्न आपल्याच जमिनीत पिकले पाहिजे, हे हिशेबातले गृहीतच गळून पडले. ज्याच्याकडे पैसा आणि सत्ता, त्याच्याकडे धान्य जाते; माल्थसच्या श्रेणीत नेमकी ही गोष्ट नाही.

आपल्याकडे तिचा फार कडू अनुभव आला. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी घडवणाऱ्या इंग्लंडमधील हेलीबरीच्या महाविद्यालयात माल्थस 1834 मध्ये वारला तोपर्यंत अर्थशास्त्र शिकवीत होता. रिचर्ड टेंपल हा इंग्रज अधिकारी पुढे त्याच महाविद्यालयातून बाहेर पडला. 1873–74 च्या बिहार-बंगालच्या दुष्काळात त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि मृत्यू फार थोडे झाले. पण उधळपट्टीचा ठपका आला. 1877 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने त्यालाच दुष्काळग्रस्त मद्रास आणि मुंबई इलाख्यांत पाठवले, तेव्हा त्याने दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे जेमतेम 450 ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे ठरवले. आपल्या इलाख्यातील मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे मांडली. त्याच काळात हिंदुस्थानातला गहू विलायतेला जातच होता. या दुसऱ्या दुष्काळात इतके लोक मेले ते जमिनीला भार सोसवेना म्हणून, असे म्हणणे राज्यकर्त्यांच्या सोयीचे होते.

तेव्हा परीक्षेपुरत्या दोन श्रेणी पाठ कर, पण निबंध लिहायचा असेल तर टेंपलचे हे दोन दुष्काळ शेजारी ठेवून लिही. माणूस एकच, मधले अंतर जेमतेम तीन वर्षांचे, आणि बदलले होते ते सरकारचे धोरण.

तुझे
बाबा