नाताळच्या भेटींसाठी जुनेर

जालना,
७ डिसेंबर

प्रिय सुधाकर,
सप्रेम सलाम.

तुझे पत्र परवा मिळाले. तुमच्या शब्बाथ शाळेतील, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील, साठ मुलांना नाताळात गोष्टीचे पुस्तक आणि फराळ द्यायचा, पण या खेपेस चकचकीत कागद आणायचा नाही, मग भेटी बांधायच्या कशात, असे तू विचारले आहेस. गेल्या वर्षी आम्ही याच प्रश्नावर अडलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याच्या आदल्या वर्षी २६ डिसेंबरच्या सकाळी आम्ही चौघे-पाच जण चर्चचे आवार झाडत होतो. लाल, सोनेरी, चंदेरी कागदांनी दोन पोती भरली. ती घेऊन मी रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने एक तुकडा मुठीत गच्च चुरगाळला, मूठ उघडली, आणि तो तुकडा कुरकुर करीत माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा पसरला. "हा कागद नाही साहेब, हा कुणीच घेत नाही," असे म्हणून त्याने पोती परत दिली. शेवटी कुणीतरी तो ढीग आवाराच्या कोपऱ्यात पेटवून दिला. कागदासारखी राख झालीच नाही. सगळे आक्रसून काळे गोळे झाले आणि त्या उग्र धुराने जवळ खेळणाऱ्या लेकरांचे डोळे चुरचुरू लागले. उन्हाळा लागला तरी चमकीचे कण तिथल्या मातीत दिसत होते. प्रभूच्या जन्मदिवसाची आठवण म्हणून आपण आवारात हे ठेवले, याचे मला फार वाईट वाटले.

रद्दीवाल्याची ती परीक्षा अगदी बरोबर आहे. चुरगाळल्यावर जो तसाच राहतो तो कागद, आणि जो उसळून पसरतो ते बहुधा प्लास्टिक. बाजारातील पुष्कळसे चंदेरी-सोनेरी वेष्टन म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर चढवलेला ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, किंवा कागदावर तसा पापुद्रा चिकटवलेला असतो. त्याचा पाण्यात लगदा होत नाही, म्हणून कागद गिरणीला त्याचा उपयोग नाही. साध्या कागदाचे तंतू पाच-सात वेळा तरी पुन्हा वापरता येतात, पण त्यावर चमकी आणि चिकटपट्टी आली की तोही बिघडतो. चमकी म्हणजे प्लास्टिकचाच चुरा. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून अशा सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

आता मुख्य गोष्ट. माझे मत विचारशील तर भेट जुनेरात, म्हणजे वापरून मऊ झालेल्या जुन्या लुगड्याच्या कापडात बांध. आमच्या आईची नऊवारी लुगडी ट्रंकेत घडी करून ठेवलेली होती; नेसण्याजोगी राहिली नव्हती आणि गोधडीत घालायला मन होत नव्हते. आईनेच ती काढून दिली. बाळ जन्मले की आपण त्याला नव्या कापडात गुंडाळत नाही, धुऊन-धुऊन मऊ झालेल्या लुगड्याच्या बाळंत्यात गुंडाळतो; लूकच्या शुभवर्तमानात मरीयेनेही बाळाला बाळंत्यातच गुंडाळून गव्हाणीत ठेवले आहे, मग त्याच्या सणाला जुनेराची लाज कसली, असे ती म्हणाली. त्यानंतर आमच्या मंडळीत कुणी आढेवेढे घेतले नाहीत.

हिशेब असा आहे. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. वस्तूच्या लांबीच्या साधारण तिप्पट चौकोनाचा कर्ण असावा, म्हणजे वीस सेंटीमीटरच्या पुस्तकाला हातभर, ४५ सेंटीमीटरचा चौकोन पुरतो. पन्ह्यात असे दोन बसतात, म्हणून एका लुगड्याचे छत्तीस होतात. विरलेला भाग सोडला तरी पंचवीस हाती लागतात. तुला तीन लुगडी पुरे. कडा दुमडून टीप मारून घे, नाहीतर दोरे निघतात. पुस्तक मधोमध तिरके ठेवायचे, समोरासमोरची दोन टोके त्यावर घ्यायची आणि उरलेल्या दोन टोकांची सुरगाठ मारायची. निरगाठ मारू नकोस; मुले ती दातांनी सोडवतात आणि कापड फाटते. काठ-पदराचे तुकडे वरच्या बाजूस येतील असे बघ, इरकलीचा काठ असला तर दुसऱ्या सजावटीची गरजच पडत नाही. जपानमध्ये याच रीतीला फुरोशिकी म्हणतात, आणि २००६ साली तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी प्लास्टिक पिशव्यांऐवजी ती वापरावी म्हणून मुद्दाम प्रचार केला होता. आपल्याकडे तर गाठोडे कुणाला शिकवावे लागत नाही.

मात्र यासाठी नवे कापड विकत घेऊ नकोस. कापसाला पाणी किती लागते आणि फवारण्या किती कराव्या लागतात, हे मराठवाड्यात राहून आपण रोज पाहतो; एका दिवसाच्या वेष्टनासाठी नवा कपडा फाडणे मला पटत नाही.

लुगडी कमी पडली तर खाकी कागद घे. तो नुसता उदास दिसतो हे खरे, पण आम्ही मुलांकडूनच त्यावर भेंडीचे ठसे उठवून घेतले. आडव्या कापलेल्या भेंडीचा ठसा चांदणीसारखाच उमटतो. रंगासाठी गेरू पाण्यात कालवला. पहिल्या दिवशी तो वाळल्यावर हाताला लागू लागला, तेव्हा त्यात बाभळीचा डिंक विरघळवला आणि मग तो धरला. वसमतच्या हळदीचा पिवळा फार गोड दिसतो. उन्हात उडतो, पण आपल्याला चार दिवसच हवा असतो. चिकटपट्टीऐवजी कणकेची खळ आणि बांधायला सुतळी. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद मी नावांच्या चिठ्ठ्यांपुरताच आणला, कारण तो जाड असतो आणि पुडीला वळत नाही. चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करण्याची तिथली परंपरा १३२७ साली तुघलकाने राजधानी दौलताबादेस आणली त्या काळापर्यंत मागे नेली जाते. मुलांना हे सांगितले, तर त्यांनी चिठ्ठ्या जपून ठेवल्या.

फराळ वर्तमानपत्रात मुळीच बांधू नकोस, शाई करंजीच्या तुपात उतरते. पळसाच्या पानांचे द्रोण घे. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत पान कडकडीत होऊन मोडते, म्हणून आदल्या रात्री पाणी शिंपडून ओल्या फडक्याखाली ठेव.

तुमच्या मंडळीतील वडीलधारे म्हणतील की कागद नसला तर सण सुना वाटेल. त्यांना आदराने सांग की नक्षीचा कागद काही आपल्या वाडवडिलांचा नव्हे. १९१७ साली अमेरिकेतील कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानात नाताळच्या गर्दीत पातळ साधा कागद संपला, तेव्हा त्यांनी पाकिटांच्या अस्तराचे नक्षीदार कागद विकायला काढले आणि तिथून हा धंदा वाढला. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले ते त्याच्याही कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात. घरी आधीचे चकचकीत कागद पडून असतील तर ते मात्र फेकू नका, हलक्या हाताने सोडवून पुन्हापुन्हा वापरा.

आमच्या साठवणीतील दोन लुगडी सोमवारी एस.टी.च्या पार्सलने पाठवतो. तिसरे तुमच्याकडे निघेल. गेल्या वर्षीच्या चौकोनांपैकी एकोणीस मुलांनी आपणहून परत आणून दिले होते, तेही धुऊन सोबत ठेवले आहेत. शिलाईला वहिनींची मदत घे आणि टीप बारीक मारायला सांग. वहिनींना सलाम, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
विनय