सोळावा पंचकोन

प्रिय नंदू,

माझी तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. काल आठवीतल्या एका मुलीने वही पुढे केली आणि मला पहिला तूच आठवलास. पानंच्या पानं पंचकोन! एकाला एक चिकटवत जायचं, मध्ये फट नको, एकावर एक चढायला नको. नियमित पंचकोनाचा कोन 108 अंशांचा, तिघांचे झाले 324, उरलेल्या 36 अंशांत चौथा मावत नाही. हे तिचं तिने काढलं. मग बाजू आणि कोन बदलत बसली आणि घराच्या आकाराच्या पंचकोनाने अख्खं पान भरलं. होस्टेलच्या भिंतीवर मी काढलेला तोच रे! "हा पंचकोनच नव्हे, चौकोनावर त्रिकोण ठेवलाय" म्हणून तू पहाटेपर्यंत भांडलास. पाच बाजू मोज, मग बोल.

आता ती कुणालाच ठाऊक नसलेला नवा प्रकार शोधतेय. आणि तो नाही, हे मला माहीत आहे. आत खाच नसलेल्या, प्रतल भरणाऱ्या पंचकोनांचे प्रकार 15च. मिकाएल राओ या गणितज्ञाने 2017 मध्ये संगणकाच्या मदतीने ते सिद्ध केलं. सांगू का तिला? दोन रात्री हेच डोक्यात आहे.

तू म्हणणार, सांगून टाक. उत्तराचं पान आधी उघडणारा तू! पण 1968 मध्ये कर्शनर या गणितज्ञानेही आठ प्रकारांवर यादी संपवली होती. 1975 मध्ये गणितावर लिहिणाऱ्या गार्डनरने ती 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात छापली आणि सॅन दिएगोच्या मार्जोरी राइस या गृहिणीने ती वाचली. शाळेपलीकडे गणित शिकलेली नव्हती बाई. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आकृत्या काढायची, कुणी आलं की झाकून ठेवायची. खुणांची पद्धतही स्वतःच बनवली. चार नवे प्रकार तिचे आहेत! यादी संपली हे तिनेही मानलं असतं तर?

राओच्या सिद्धतेपुढे मात्र ही आशा दाखवणं म्हणजे पोरीला फसवणं, आणि ते मी करणार नाही. म्हणून सांगायचं, पण रिकाम्या हाताने नाही. हीश या गणितज्ञाच्या नावाचा प्रश्न द्यावा म्हणतो: एखाद्या आकाराभोवती त्याच्याच प्रतींचे थर चढवत जायचे, आणि प्रतल भरण्याआधी तो अडला पाहिजे. असे जास्तीत जास्त सहा थर जमलेत, बोयान बाशिचने 2020 मध्ये दाखवले. त्याहून जास्त थर चढवून मग अडणारा आकार आहे का, ते कुणालाच ठाऊक नाही. आठवीला जड होईल का? की आधी पंधराचे पंधरा तिला स्वतः काढू द्यावेत आणि मग राओचं नाव घ्यावं? मन या दुसऱ्या वाटेकडे ओढतंय, पण तोवर ती रोज सोळावा शोधत राहील आणि मी गप्प बसून बघत राहीन, ते मला सोसवत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, धाकट्याचा निकाल कळव. बंड्या भेटला होता, तुझी पुस्तकं अजून त्याच्याकडेच आहेत.

गुरुवारी तिच्या वर्गावर माझा तास आहे. त्याआधी फोन कर, भांडायचं असेल तरी कर.

तुझा,
विनू