कृष्णाकाठी सायकलस्वारांचाही विचार व्हावा

महोदय,

पावसाळा सरल्यावर वाईहून मेणवलीमार्गे धोमला सायकलीने जावे, इतका तो कृष्णाकाठ देखणा असतो. ढोल्या गणपतीच्या घाटावरून निघाल्यावर थोड्याच वेळात नाना फडणवीसांचा वाडा लागतो आणि त्यामागच्या घाटावर, १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा पाहायला मिळते. पुढे धोमच्या मंदिरात कमळाकृती दगडी कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसला आहे. चित्रीकरणाच्या गाड्यांची वर्दळ गावाला चार पैसे देते, हे मान्य. परंतु मागून गाडी आली की सायकलस्वाराला डांबराच्या तुटक्या कडेवरून खाली घसरावे लागते. संबंधित यंत्रणेने साइडपट्ट्या मुरूम टाकून रस्त्याच्या पातळीत आणाव्यात आणि वाड्याजवळ सायकली कुलूप लावून ठेवता येतील असा लोखंडी कठडा बसवावा, ही विनंती.

— एक वाचक, वाई