मामा, तुम्ही पाठ फिरवलीत म्हणून

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला आभारबिभार आवडत नाहीत हे मला माहीत आहे. परवा तुमच्या फ्रेमच्या दुकानात येऊन बोलायला सुरुवात केली, तर "बरं बरं, ती काच जरा धर" म्हणून तुम्ही विषय मोडलात. म्हणून हे चारचौघांसमोर लिहिते आहे. इथं तुम्हाला मध्येच काच धरायला सांगता येणार नाही.

कोल्हापुरात शाहू स्मारकच्या कलादालनात माझे गुऱ्हाळाचे फोटो लागले तेव्हा लोक एका फोटोपुढं जरा जास्त रेंगाळत होते. तुम्हाला आठवत असेल तो. खालचं निम्मं चित्र म्हणजे रस उकळायच्या काहिलीची काळी कड, वर नुसती वाफ आणि उजवीकडून आत आलेला, गूळ करणाऱ्या गुळव्याचा एकच हात. माणूस दिसत नाही, तोंड दिसत नाही. एका बाईंनी विचारलं, "हे सुचलं कसं हो तुम्हाला?" मला बोलताच येईना. उत्तर खरं तर सोपं होतं. तो फोटो काढला मी, पण सापडला तुमच्या दुकानात, भवानी मंडपाजवळच्या त्या अरुंद बोळात.

तुमच्याकडं येण्याआधी मी कुठंकुठं जाऊन आले होते हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नाहीत. एका नावाजलेल्या कार्यशाळेत भरपूर फी भरून बसले होते. तिथले सर प्रत्येकाच्या फोटोवर पडद्यावर लाल रेषा मारायचे. दोन उभ्या, दोन आडव्या. माणूस रेषांच्या छेदावर असला तर पास, नसला तर सगळ्या वर्गासमोर हशा. एका स्पर्धेच्या परीक्षकांनी माझे फोटो तीन बोटांनी चाळले आणि म्हणाले, "ब्लॅक अँड व्हाइट करा, म्हणजे आर्टिस्टिक वाटेल." गुळाच्या रंगाचे फोटो, मामा! रघुबीर सिंगांसारखे फोटोग्राफर जन्मभर रंगातच काम करत राहिले आणि आपल्याकडच्या लघुचित्रांच्या परंपरेशी स्वतःचं नातं सांगत राहिले, हे त्या परीक्षकांना कुणी सांगायचं? एका कलादालनानं प्रिंट ठेवून घेतले, काही महिन्यांनी कोपरे दुमडलेल्या अवस्थेत परत केले, सोबत एक ओळ नाही. आणि ज्यांना सगळे गुरुवर्य म्हणतात त्या गृहस्थांनी फोटो न बघताच विचारलं, "लेन्स कुठली?" यांतल्या कुणाचं नाव घेत नाही. घेतलं तर त्यांना वाटायचं आपली दखल घेतली.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? कोल्हापुरात बसून त्या कार्यशाळेत परदेशातल्या फोटोग्राफरांची लांबलचक यादी पाठ करून घेतली, पण बाबूराव पेंटरांचं नाव एकदाही निघालं नाही. ज्या माणसानं आधी हातात ब्रश धरला, मग मराठी माणसाच्या हातून घडलेला कॅमेरा उभा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, तो याच गावातला. पेंटर हे त्यांचं आडनाव होऊन बसलं ते चित्रं रंगवण्यामुळंच. चित्र आणि कॅमेरा ही दोन वेगळी खाती आहेत असं या गावात निदान तेव्हा तरी कुणी मानत नव्हतं. यादीतल्या त्या हेन्री कार्तिए-ब्रेसाँचंच घ्या. तो तरुणपणी आंद्रे लोत नावाच्या चित्रकाराच्या हाताखाली शिकला आणि म्हातारपणी कॅमेरा बाजूला ठेवून पेन्सिल घेऊन बसला. तेही आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्याचा कॅमेरा कुठला होता, तेवढं मात्र सांगितलं.

तर मी तुमच्याकडं आले ती अशी, चिडलेली. बगलेत गुऱ्हाळाचा मोठा रुंद प्रिंट. त्यात काय नव्हतं! काहील, चुलवाण, चिपाडांचा ढीग, चार माणसं, एक कुत्रं, मागं ट्रॅक्टर, वाफ्यावर निवत पडलेला गूळ. फ्रेम करून भिंतीला लावायचा आणि फोटोग्राफीला रामराम ठोकायचा असं ठरवून टाकलं होतं.

तुम्ही प्रिंट टेबलावर पसरलात. चारी कोपऱ्यांवर लाकडी ठोकळे ठेवलेत. चांगला म्हणाला नाहीत, वाईटही म्हणाला नाहीत. खिळ्याला अडकवलेल्या माउंटबोर्डाच्या, म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवती लावायच्या जाड पुठ्ठ्याच्या, दोन काटकोनी पट्ट्या काढल्यात, प्रिंटवर ठेवल्यात आणि म्हणालात, "ह्या सरकवून बघ. कुठं थांबायचं ते तुझं तू ठरीव. मी न्हाई बघत."

आणि खरंच पाठ फिरवून काच कापायला बसलात.

मामा, त्या क्षणावर मी आजवर किती विचार केला असेल! त्याआधी माझा फोटो बघताना प्रत्येक जण माझ्या मागं उभा असायचा. मान माझी आणि श्वास त्यांचा. तुम्ही पहिले, ज्यांनी बघायचं काम माझ्यावर सोपवलं आणि ते करताना मला एकटं सोडलं. पट्ट्या इकडून तिकडं सरकवताना आधी ट्रॅक्टर गेला, मग कुत्रं गेलं, मग तीन माणसं गेली. चौथ्याचं डोकं गेलं तेव्हा हात थांबला. एवढ्या पसाऱ्यात हे एवढंसं होतं आणि बाकीचा सगळा पसारा त्याच्यावर बसला होता.

मध्ये एक गिऱ्हाईक आलं, सत्यनारायणाच्या पूजेचा फोटो घेऊन, घाईत. टेबल अडवून मी उभी. मी प्रिंट गुंडाळायला लागले तर तुम्ही मान न वळवताच त्यांना म्हणालात, "जरा दम धरा. तिचं काम चाललंय."

तिचं काम चाललंय. तोवर माझ्या घरातसुद्धा याला कुणी काम म्हटलं नव्हतं. लग्नाची ऑर्डर असली की काम, पैसे आले की काम. एका फोटोकडं बघत बसणं हे काम असतं आणि त्यासाठी रोख गिऱ्हाइकाला थांबवता येतं, हे मला त्या दिवशी समजलं. गिऱ्हाईक थांबलं बरं का! कुरकुरलंही नाही. तुमच्या आवाजात तसं काहीतरी असावं.

पुढं तुमच्याकडं येणं सुरू झालं ते फ्रेमच्या निमित्तानं. खरं कारण तुमचं भिंग होतं. रविवर्म्याची ती जुनी सरस्वती दुरुस्तीला आली होती, जिच्या साडीला कुणीतरी हौसेनं जर आणि टिकल्या शिवल्या होत्या. तुम्ही भिंग धरलंत आणि गालावरचे ठिपके दाखवलेत. लहान, मोठे, वेडेवाकडे. शेजारी एक अलीकडचं कॅलेंडर ठेवलंत. त्यावर ठिपक्यांची जाळी एकसारखी, ओळीत. "हे हातानं दिल्यात, ते यंत्रानं," एवढंच तुम्ही बोललात. बाकीचं मी नंतर वाचून काढलं. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढं मळवलीला हलला. दगडावर चित्र उतरवायचं, प्रत्येक रंगाला दगड वेगळा, आणि गालावरची एक छटा आणायला एकावर एक किती छाप! तेव्हापासून लग्नातल्या नवरीच्या गालावरचा उजेड मला पूर्वीसारखा दिसत नाही. कुठं पिवळा संपतो आणि कुठं गुलाबी सुरू होतो ते शोधत बसते. नवरीकडचे लोक म्हणतात, बाई, क्लिक करा की.

मग मुळगावकर आणि दलाल हे चित्रकार. वर्ष सरलं की लोक कॅलेंडरावरचा देव कापून तुमच्याकडं फ्रेमला आणतात, आणि मुळगावकरांचा देव तर आजही कुणाच्या तरी ट्रंकेतून निघतोच. तुम्ही तो दलालांच्या मुखपृष्ठाशेजारी ठेवलात. दोघंही मूळचे गोव्याचे, दोघंही एकाच काळातले, आणि तरी हात किती वेगळे! मुळगावकरांच्या स्प्रेमधून आलेली कांती, जिला कडा कुठं सापडतच नाही. दलालांची एका दमात ओढलेली ठाम रेषा आणि सपाट रंग. "यातलं तुझं कुठलं?" असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, दलाल. "मग फोटोत एवढी धूसर वाफ कशाला काढतीस?" आजही या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाही. पण त्या प्रश्नामुळं वाफेच्या खाली काहिलीची ती काळी कड मी घट्ट धरून ठेवते.

काचा गुंडाळायला तुम्ही जुनी वर्तमानपत्रं वापरता. त्यातल्या नाटकांच्या जाहिराती मी कात्रीनं कापून घरी नेल्यात, आता कबूल करून टाकते. कमल शेडगे यांची अक्षरं! प्रत्येक नाटकाला वेगळा चेहरा, आणि अक्षराअक्षरातली मोकळी जागा अशी तोललेली की तिथं बोट ठेवायलाही धजवत नाही. दोन माणसांच्या फोटोत दोघांमधली जागाही तितकीच बोलते, हे मला अक्षरांनी शिकवलं. फोटोग्राफीच्या कुठल्या वर्गात हे सांगतात?

आणि माउंटची खालची पट्टी. मला वाटायचं चारी बाजू सारख्या हव्यात. तुम्ही खाली बोटभर जास्त सोडता. का, विचारलं, तर "न्हाईतर चित्र खाली घसरल्यागत दिसतंय." डोळ्याला मध्य जिथं वाटतो तो मापाच्या मध्यापेक्षा थोडा वर असतो, हे डिझाइनच्या पुस्तकात मला फार उशिरा भेटलं. तुम्ही ते मोजपट्टी न लावता करत होता. ४५ अंशात तिरका काप मारला की बोर्डाची आतली पांढरी कड चित्राभोवती बारीक उजळते, तीही मी तुमच्याकडंच पहिल्यांदा नीट पाहिली. आता दारातून माणसाचा फोटो काढताना चौकटीवर पडलेला उजेडाचा तो धागा आधी शोधते.

आबालाल रहिमानांची निसर्गचित्रं बघायला टाऊन हॉलच्या संग्रहालयात तुम्हीच पाठवलंत. शाहू महाराजांच्या दरबारचा चित्रकार, मुंबईला जे. जे. मध्ये शिकून आलेला, आणि काढतो काय तर आपलंच पाणी, आपलीच झाडं, सकाळचा कोवळा उजेड. तिथून मी थेट रंकाळ्यावर गेले आणि कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. नुसती बसून राहिले. हे असं बसणंही तुमच्याच दुकानातलं.

एक गोष्ट लिहायची राहून जाईल म्हणून आत्ताच लिहिते. तुमच्याकडं कुणीही आलं, की त्यानं आणलेल्या चित्राला तुम्ही आधी हात पुसून हात लावता. रविवर्मा असो, नाहीतर कुणाच्या नातवाचा शाळेतला बक्षिसाचा कागद. वारलेल्या माणसाचा मोबाइलवरून काढलेला अंधुक फोटो घेऊन लोक येतात, तेव्हा तुम्ही भाव सांगत नाही. आधी "कोण हे?" विचारता आणि पूर्ण ऐकून घेता. मोठमोठ्या कलादालनांत पांढरे हातमोजे असतात, मामा, पण माझ्या प्रिंटचे कोपरे तिथंच दुमडले. सभ्यपणा बहुतेक अशा आडबाजूच्या बोळात, आठ-दहा फुटांच्या जागेत, फेविकॉलच्या वासात टिकून राहतो. त्याचं कुणी प्रदर्शन भरवत नाही, उद्घाटनाला पाहुणा येत नाही. आमच्या क्षेत्रात मार्गदर्शन करणाऱ्यांची कमतरता नाही. टेबल मोकळं करून देणारे मात्र फार थोडे.

त्या दोन पट्ट्या तुम्ही मला घरी न्यायला दिल्यात. मागं तुमच्या पेन्सिलीनं कुणाच्या तरी गणपतीच्या फ्रेमची मापं लिहिलेली आहेत. त्या कॅमेऱ्याच्या पिशवीत असतात. माझ्याकडं आता शिकायला मुली येतात. त्यांच्या प्रिंटवर मी रेषा मारत नाही. पट्ट्या देते आणि चहा टाकायला आत जाते. सुरुवातीला त्या गोंधळतात, "ताई, बरोबर आहे का?" असं ओरडून विचारतात. मी आतून उत्तर देत नाही. तुमच्याइतकं जमत नाही मला, दारातून डोकावायचा मोह होतोच.

आता हिशोबाचं. प्रदर्शनाच्या फ्रेमचं बिल तुमच्या मुलानं पाठवलं. त्यात फ्रेमची लाकडी पट्टी आहे, काच आहे, मागचा हार्डबोर्ड आहे, टेम्पोचं भाडंसुद्धा आहे. माउंटचे पैसे कुठंच नाहीत. विचारलं तर म्हणाला, "बाबांनी सांगितलंय." हे चालायचं नाही. पुढच्या आठवड्यात येते, आकडा काढून ठेवा. सोबत इचलकरंजीच्या यंत्रमागांचे प्रिंट आणते आहे, ते लांबट आहेत, तेव्हा टेबलावरचा पसारा जरा आवरून ठेवा. आणि यावेळी पट्टी साधी सागवानीच लावायची. सोनेरी नको, तुम्ही कितीही म्हणालात तरी.

तुमची,
गुऱ्हाळाच्या फोटोवाली