मटार बाहेर, बाबांच्या वह्या आत : लायब्ररीतल्या ताईंना

ताई, तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण वडोदऱ्यात चित्रांशी ज्याचा थोडाफार संबंध आहे त्याला दोन ओळींत कळेलच कोणाबद्दल चाललंय.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ऐन गोकुळाष्टमीला विश्वामित्री नदी चढली, सगळ्यांच्या फोनवर रस्त्यावरच्या मगरींचे व्हिडिओ फिरत होते आणि आमच्या खालच्या खोलीत कमरेएवढं पाणी. तिथेच पलंगाखाली बाबांची पत्र्याची ट्रंक. बाबा काही आर्टिस्ट नाहीत, रावपुऱ्यात त्यांचं फ्रेमचं दुकान होतं, १९७१ ते २००९. फाइन आर्ट्स कॉलेजची पोरं, त्यांचे सर, सगळे चित्रं बगलेत मारून यायचे, आणि बाबा प्रत्येक काम वहीत लिहायचे, कोणाचं चित्र, किती इंच बाय किती इंच, पट्टी कुठली, चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याचं माउंट, काच, ॲडव्हान्स किती आणि बाकी किती (बाकीचा रकाना कायम भरलेला, आर्टिस्ट लोक!). अशा सात वह्या, आणि पोरांनी प्रेमाने आणून दिलेले प्रदर्शनांचे कॅटलॉग, आमंत्रणं.

पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर सगळा लगदा होईल असं दिसत होतं. मी एका मोठ्या ठिकाणी फोन लावला, जिथे अशा गोष्टी सांभाळायचा पगार मिळतो. उत्तर आलं, हिशेबाच्या वह्यांचं आम्ही काय करणार, रद्दीवाल्याला द्या. फोन स्पीकरवर होता, बाबा समोरच बसले होते. आणि ते एक अभ्यासक, "आठ दिवसांत परत देतो" म्हणून आमचे कॅटलॉग घेऊन गेले, सहा वर्षं झाली, डीपी नियमित बदलतो पण फोन उचलत नाहीत. त्यांच्याकडे गेलेले तरी निदान कोरडे राहिले असतील असं बाबा म्हणाले, हसत म्हणाले, मला मात्र हसू येईना.

शेजारच्या मुलीने तुमचा नंबर दिला. रात्रीचे नऊ वाजले होते, ओळख ना पाळख, आणि तुमचा पहिलाच प्रश्न, "उन्हात तर नाही ना ठेवलं?" ठेवलंच होतं, गच्चीवर. तुम्ही जवळजवळ ओरडलात. गुळगुळीत आर्ट पेपर ओला असताना तसाच वाळला की पानं चिकटून वीट होते म्हणालात, आणि दोन दिवसांत बुरशी धरते, पानं उघडू नका, पिशवीत गुंडाळा आणि सरळ फ्रीझरमध्ये टाका, गोठलं की बुरशी थांबते, शाई पसरत नाही, मग सावकाश बघू. मी म्हटलं ताई, आमचा फ्रीजच बुडालाय.

"मग माझ्याकडे घेऊन या."

तुमच्या घरच्या फ्रीझरमधून तुम्ही मटारची पिशवी काढली, खवलेला नारळ काढला, आईस्क्रीमचा डबा काढला, सगळं ओट्यावर, आणि तिथे बाबांच्या वह्या एकेक करून रचल्या. मुलाला म्हणालात, आईस्क्रीम आत्ताच संपवायचं, आजोबांनाही दे. बाबांनी डायबेटिस असून दोन वाट्या खाल्ल्या आणि आम्ही कोणीच काही बोललो नाही. परत येताना स्कूटरवर मागून म्हणाले, "अगं, त्यांनी मटार बाहेर काढले." एवढंच. घरापर्यंत तेच.

पुढे किती महिने तुम्ही थोडी थोडी पानं काढून टिपकागदात सुकवलीत ते सगळं लिहीत बसत नाही, मला ते नीट कळलेलंही नाही. पण एक वाक्य लक्षात राहिलंय. मी विचारलं होतं, एवढं काय आहे हो या उधारीच्या वहीत, तर तुम्ही म्हणालात, "कॅटलॉगमध्ये साल चुकलेलं असतं, उधारीच्या वहीत तारीख कोणी चुकवत नाही." आता त्या वह्यांना नंबर पडलेत, आणि कुठलं चित्र कधी पुरं झालं, तेव्हा केवढं होतं, हे बघायला रिसर्चवाली पोरं येतात. शनिवारी तुम्ही बाबांनाही बोलावता, ते माउंट कसं कापायचं ते दाखवतात आणि जुन्या फोटोतली माणसं ओळखतात, तुम्ही मागे पेन्सिलने नावं लिहिता. मागच्या वेळी एका फोटोत कोपऱ्यात हातोडी घेऊन बाबाच उभे निघाले. तुम्ही विचारलंत, "काका, पूर्ण नाव सांगा," आणि तेही लिहिलंत.

सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून लायब्ररीतज्ज्ञ बोर्डनसाहेबांना बोलावलं, लाकडी पेट्यांतून गावोगाव पुस्तकं पाठवली, हे आम्ही वडोदऱ्याचे लोक पाहुण्यांना फुशारकीने सांगतो. पण ती पेटी बैलगाडीवर नीट बांधणारा, पावसात तिच्यावर ताडपत्री टाकणारा कोणीतरी असणारच ना. तुम्ही मला त्या लोकांतल्या वाटता. अशी माणसं असतात म्हणून गावात चित्रं टिकतात, नुसते हॉल बांधून नाही.

तुमचा निळा डबा अजून आमच्याकडेच आहे. रिकामा कसा द्यायचा म्हणून राहिला. आईने भोपळा आणलाय, शनिवारी बाबा घारगे घेऊन येतील. त्यांना तिथे खाऊ देऊ नका.