पेडेस्टलवर लेथ होत नाही

संपादक महोदय,

आपल्या गेल्या रविवारच्या अंकात घरच्या घरी लेथ (धातू कातायचं यंत्र) बनवणाऱ्या मुलाची बातमी वाचली. पोराचं कौतुक वाटलंच. पण फोटोत हेडस्टॉकच्या, म्हणजे फिरता दांडा धरणाऱ्या भागाच्या, जागी लोखंडी चॅनेलवर दोन पेडेस्टल बेअरिंगं (पायावर बोल्टने बसणारी) आवळलेली दिसली आणि राहवलं नाही. माझी चाळीस वर्षं मिरकरवाड्याला बोटींचे शाफ्ट नि बुश टर्न करण्यात गेली, म्हणून लिहितो.

पेडेस्टल म्हणजे वाईट वस्तू नव्हे. पिठाच्या गिरणीला तेच लागतं. आतल्या बेअरिंगची पाठ गोलाकार असते, त्यामुळे शाफ्ट जरा तिरका बसला तरी ते आपल्या घरात वळून सांभाळून घेतं. लेथच्या स्पिंडलने, म्हणजे त्या फिरत्या दांड्याने, मात्र तसूभरही वळता कामा नये. त्यात ते शाफ्टवर धरलेलं असतं दोन बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूंनी. स्क्रू आवळले की शाफ्ट एका अंगाला ढकलला जातो, मग जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, गोल येणार कुठून?

मीही कमी माती खाल्लेली नाही. पहिल्या हेडस्टॉकला २५ मिलिमीटरच्या दोन प्लेटी घेतल्या. बेअरिंग ३०२०८ नंबरचं टेपर रोलर (निमुळत्या रोलरांचं), म्हणजे शाफ्ट ४० मिलिमीटरचा, सीट (बेअरिंग बसतं ते भोक) ८० ची. प्लेटी एका वर्कशॉपातून वेगवेगळ्या बोअर करून आणल्या आणि चॅनेलवर वेल्ड केल्या. वेल्ड थंड होताना प्लेट ओढली गेली. मागचा नट आवळला की स्पिंडल अर्धी फेरी हलका, अर्धी फेरी जड. सैल ठेवला तर तुकडा कापायचं पार्टिंग टूल टेकताच किंचाळायचा. घट्ट केला तर अर्ध्या तासात हाऊसिंगला हात लावता येईना. मापायचा डायल लावला, तर मागची सीट पुढच्यापेक्षा पंधरा शतांश मिलिमीटर खाली! टेपर रोलरला एवढं खपत नाही.

दुसऱ्या खेपेला होडी बांधणाऱ्या सुताराकडून सागाचा पॅटर्न (ओतकामाचा लाकडी नमुना) करून घेतला आणि कोल्हापूरहून बिडाचा अख्खा ठोकळा ओतून आणला. पावसाळाभर तो फणसाखाली टाकून ठेवला. घरची म्हणाली, लोखंड कुजवताय काय! पण नव्या ओतकामातला ताण थोडाफार निघावा म्हणून जुने कारागीर असंच करत.

मग एका मोठ्या लेथच्या क्रॉस स्लाइडवर (आडव्या सरकत्या पाटावर) ठोकळा पॅकिंग देऊन बांधला, दोन सेंटरांत बोअरिंग बार (भोक कातायचा दांडा) धरला आणि दोन्ही सीट एकाच सेटिंगमध्ये काढल्या. ठोकळा मध्ये एकदाही सोडला नाही, उलटवला नाही. म्हणून दोन्ही एका रेषेत आल्या, सगळी गोम इथेच आहे. सीट शतांश-दीड शतांश घट्ट ठेवली, कप (बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगा) मऊ हातोडीने बसले. मागचा कोन (बेअरिंगची आतली रिंग) मात्र शाफ्टवर सरकता हवा, कारण नट आवळून प्रीलोड (आधीच दिलेला दाब) त्याच्यावरच घ्यायचा असतो. आणि सीटभोवती बीड जाड ठेवावं. कप पातळ असतो. हाऊसिंग लंबवर्तुळ झालं की तोही तसाच होतो.

आपल्या खाऱ्या हवेचं वेगळंच दुखणं. स्पिंडल पावसात पंधरा दिवस एकाच जागी उभा राहिला की कपात रोलरच्या अंतरावर गंजाच्या रेघा उमटतात. मी दोन्ही तोंडांना फेल्टच्या रिंगा घातल्या आहेत, आणि काम असो-नसो, सकाळी चहाआधी चक (जॉब धरायचा पंजा) हाताने चार फेरे फिरवतो.

बातमीदाराने पुढच्या वेळी एवढं जरूर विचारावं, की दोन्ही सीट एका सेटिंगमध्ये काढल्या का? आणि त्या मुलाला माझा निरोप द्यावा. बोअरिंग बार माझ्याकडे आहे, ठोकळा घेऊन ये. फक्त जून-जुलैत नको, तेव्हा मासेमारी बंदीमुळे बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि शाफ्टांची रांग असते. नारळी पौर्णिमा झाली की लेथ मोकळाच आहे.

एक जुना टर्नर,
मिरकरवाडा, रत्नागिरी