वाळूजच्या काकांना, उशिरा का होईना

काका, रामराम. हे पत्र मी २०१८ लाच लिहायला पाहिजे होतं पण तवा डोकं ठिकाणावर नव्हतं आन् नंतर लाजेनं राहून गेलं.

सेकंड शिफ्टला गेटवरच अडवलं होतं मला, हातात चार्जशीट आन् सस्पेंशनचं लेटर, गुन्हा काय तर कँटीनच्या जेवणावरून पोरं भडकवली. मी कमिटी मेंबर, मला वाटायचं युनियनच्या माणसाला कंपनी हात लावत नसती. वाळूजजवळच्या पंढरपूरच्या टपरीवर तुम्ही हसलात, म्हणलात संरक्षित कामगारांच्या यादीत नाव हाये का तुझं, त्यात शंभर कामगारांत एक, कमीत कमी ५ जण, अन् त्यांना बी वाद कोर्टात चालू असंल तवाच, कंपनीला परवानगी घेतल्याशिवाय कामावरून काढता येत नाही एवढंच. यादीत नाव नव्हतं. चहा तसाच गार झाला माझा.

पगार बंद म्हणजे बंदच धरून चाललो होतो, बायकोनं गावाकडून ज्वारी आणून ठेवली. तुम्हीच निर्वाह भत्त्याचा, म्हंजी सस्पेंड असताना मिळणाऱ्या पैशाचा, अर्ज लिहून दिला, पहिले ९० दिवस अर्धा पगार, पुढं आपल्यामुळं लांबलं नाही तर ७५ टक्के. मागितला नसता तर कोणी दिला असता का, सांगा बरं.

आन् कंपनीतल्या इन्क्वायरीचा तो पहिला दिवस. एचआरचे साहेब म्हणले युनियनला मान्यता नाही, तिच्या वतीनं तुमच्यासारखा बाहेरचा माणूस आत चालणार नाही. तुम्ही भांडला नाहीत. कापडी पिशवीतून युनियनच्या मान्यतेच्या १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याचं ते पिवळं पडलेलं पुस्तक काढलं, कलम २२ वर बोट ठेवलं आन् गप बसलात. मान्यता नसलेली युनियन बी आपल्या मेंबरसाठी इन्क्वायरीत उभी राहू शकते. साहेबांनी एकदा वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं, मग शिपायाला म्हणले अजून एक खुर्ची आण. ती खुर्ची मला आजबी दिसती.

कार्यवाहीच्या पानावर खाली जागा मोकळी सोडलेली असायची, तुम्ही आधी तिथं आडवी रेघ मारायला लावायचे, मग सही. लेटर घेताना 'मिळाले, मजकूर मान्य नाही', तारीख, वेळ. कंपनीच्या अनुचित प्रथेची, म्हंजी कामगारावर केलेल्या अन्यायाची, तक्रार ९० दिवसांत करायची असती हे मला माहीतच नव्हतं, ८१ व्या दिवशी तुम्ही मला हाताला धरून औद्योगिक न्यायालयात नेलं. पुढं कंपनीच तडजोडीला आली, मला वॉर्निंग देऊन आत घेतलं. वॉर्निंगवर मी आजबी नाराज हाये, तुम्ही म्हणलात घे आता, घरी लेकरं हायेत.

झेरॉक्सचे सगळे पैसे तुम्हीच भरले, मी मोजून ठेवलेत, ३४० रुपये. दिवाळीला घेऊन येतो, नको म्हणू नका.